‘ज्ञान’, ‘शास्त्री’ आणि ‘खंडणी’: करिंथकरांस पहिल्या पत्रावर उपदेश तयार करताना

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्यातला वधस्तंभाच्या संदेशाचा उतारा वाट्याला आला की उपदेश आयताच तयार आहे असं वाटतं. एका बाजूला देवाचं ज्ञान, दुसऱ्या बाजूला जगाचं. एक खरं, दुसरं पोकळ. वीस मिनिटं सहज निघतात. या उताऱ्यावर मी बऱ्याचदा तयारी केली आहे, आणि जिथे तो सोपा वाटतो नेमका तिथेच पाय घसरतो. आठवडाभर हातात धरून मी तयारी कशी करते आणि कुठे काय बिघडतं, ते मांडते.

सोमवारी फक्त उताऱ्याची हद्द ठरवते. बरेच जण १:१८ ते १:२५ (आधी अध्याय, मग वचन) एवढाच भाग घेतात, आणि उपदेश अर्धा राहतो. पौल इथे एकच गोष्ट तीन फेऱ्यांत सांगतो. आधी संदेश: जगाच्या लेखी मूर्खपणाचा (१:१८-२५). मग तो स्वीकारणारे लोक: जगाच्या लेखी हलके (१:२६-३१). शेवटी तो सांगणारा स्वतः पौल: अशक्त, भ्यालेला, कापत आलेला (२:१-५). तिसरा फेरा गाळला की उपदेशक अलगद सुटतो आणि बोट फक्त समोरच्या बाकांकडे राहतं. म्हणून १:१८ ते २:५, एकूण १९ वचनं. व्यासपीठावरून सावकाश वाचायला तीन मिनिटं लागतात. १:१० ते १:१७ वाचून दाखवत नाही, पण त्यातली भानगड दोन वाक्यांत सांगतेच: ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पौलाला कळवलं की मंडळीत तट पडलेत, कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोस या उपदेशकाचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा. ज्ञानाचा सगळा विषय या भांडणातून निघाला आहे. हे न सांगता सुरुवात केली तर उपदेश तत्त्वज्ञानाचा तास होतो.

दुसऱ्या दिवशी शब्द. यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. बायबल सोसायटीचं प्रचलित भाषांतर, एखादं अलीकडचं सोपं भाषांतर आणि पंडिता रमाबाईंचं, अशी तीन समोर ठेवते. रमाबाईंचं संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघालं. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्या बाईने साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी शोधत वर्षं घालवली. या उताऱ्यासाठी ते भाषांतर जवळ असणं मला नुसतं सोयीचं वाटत नाही, योग्यही वाटतं.

मूळ ग्रीक शब्द ‘सोफिया’. या पत्रात तो १७ वेळा येतो आणि त्यातले १६ पहिल्या तीन अध्यायांत आहेत. म्हणजे करिंथकरांच्या तोंडी खेळत असलेला हा शब्द पौल त्यांच्याच हातातून काढून घेतो आहे. आपल्याकडे त्याला ‘ज्ञान’ म्हणतात, आणि पहिली अडचण इथेच उभी राहते. ‘ज्ञान’ म्हटलं की मराठी कानाला एक तर शाळा-कॉलेज ऐकू येतं, नाही तर ज्ञानमार्ग आणि भक्तिमार्ग यांतला जुना वाद. पौल या दोन्हींबद्दल बोलत नाही. म्हणून वाचताना ‘ज्ञान’ आणि समजावताना ‘शहाणपण’, असं मी वाटून घेतलं आहे. ‘शहाणपण’ या शब्दात हुशारी, धोरण आणि स्वतःवर खूश असणं, हे तिन्ही येतं. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण तोंडावर येते, पण ती जपून. म्हण फाजील हुशारीला हसते. पौल चांगल्या, प्रतिष्ठित, पुरेशा शहाणपणाबद्दलही बोलतो आहे.

दुसरा खड्डा ‘शास्त्री’. १:२० मध्ये तीन प्रश्न आहेत: ज्ञानी कुठे, शास्त्री कुठे, या युगाचा वाद घालणारा कुठे? मूळ शब्द ‘ग्राम्मातेउस’, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचा जाणकार. शुभवर्तमानांत ‘शास्त्री व परूशी’ म्हणून भेटतो तोच. पण मराठी ऐकणाऱ्यापुढे उभे राहतात ते संस्कृत पाठशाळेतले शास्त्रीबुवा. उपदेशकाने एक वाक्य खर्चून हे स्पष्ट केलं नाही, तर पुढची दहा मिनिटं मंडळी शेजाऱ्याच्या धर्मावरची टीका ऐकते आणि मनातल्या मनात खूश होते. पौलाने मात्र हा बाण स्वतःच्या परंपरेकडे सोडला आहे. गमालिएल या यहुदी गुरूच्या पायाशी शिकलेला तो स्वतःच या वर्गाला जवळचा. मी सरळ सांगते: ‘शास्त्री म्हणजे इथे पवित्र शास्त्र पाठ असलेला माणूस. आपल्यापैकीच कोणीतरी.’

तिसरा शब्द ‘जग’. ‘जगाचं ज्ञान’ म्हटलं की लोक प्रपंच समजतात: घरखर्च, शेती, पोरांचं शिक्षण, बँकेचं कर्ज. मग निष्कर्ष निघतो की व्यवहार कळणं म्हणजे पाप. पौल ‘जग’ आणि ‘हे युग’ असे दोन शब्द शेजारी ठेवतो, आणि २:८ मध्ये या युगाचे अधिपती कोण तेही सांगतो: ज्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिलं ते. म्हणजे विषय आहे तो देवाला बाजूला सारून सत्ता, मान आणि वाक्‌चातुर्य यांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा. व्यवहारज्ञानाला शास्त्रात मानाचं स्थान आहे. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवण्याचा योसेफाचा सल्ला (उत्पत्ती ४१) हा देवाने दिलेल्या शहाणपणाचा नमुना आहे. निर्गम ३१ मध्ये बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने ज्ञान मिळतं ते कशासाठी? सोनं, रुपं, पितळ, लाकूड यांवरच्या कारागिरीसाठी. ही दोन उदाहरणं मी कागदाच्या समासात लिहूनच ठेवते.

आणि ‘खंडणी’. १:३० मध्ये ख्रिस्त आपल्यासाठी ज्ञान झाला. नीतिमत्त्व, पवित्रीकरण आणि मुक्ती झाला. त्या मुक्तीसोबत किंवा मार्क १०:४५ मध्ये ‘खंडणी’ वाचली की आजच्या ऐकणाऱ्याला आठवतात वर्तमानपत्रातले गुंड. मूळ चित्र गुलामाला किंमत भरून सोडवण्याचं आहे. करिंथात ते लगेच कळत असणार, कारण रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेलं ते शहर इ.स.पू. ४४ मध्ये जुलियस सीझरच्या वेळी पुन्हा वसवलं, तेव्हा तिथे आलेल्यांत मुक्त झालेले गुलाम मोठ्या संख्येने होते. वडील गुलाम, मुलगा व्यापारी, नातू मानासाठी धडपडणारा, अशी ती वस्ती. लेखयोन आणि किंख्रिया या दोन बंदरांचा पैसा, आणि बोलण्यात फर्डा असलेल्याला मिळणारा मान. पौल तिथे दीड वर्ष राहिला, राहुट्या शिवून पोट भरत. हातावर पोट असलेला वक्ता! पार्श्वभूमी एवढीच सांगते, तीन मिनिटांच्या वर नाही. गल्लियो या रोमन अधिकाऱ्याचा शिलालेख, करिंथाजवळचे इस्थमियाचे खेळ वगैरे वाचून ठेवते, पण व्यासपीठावर नेत नाही. तीही माझी हुशारी दाखवण्याचीच जागा असते.

वधस्तंभाबद्दल मात्र कंजूषी करत नाही. ‘क्रूस’ हा शब्द आता गळ्यातल्या साखळीत जाऊन बसला आहे. ‘वधस्तंभ’ मध्ये निदान ‘वध’ शिल्लक आहे. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर भिंतीवर खरडलेलं एक जुनं चित्र सापडलं आहे: खांबावर टांगलेला गाढवाच्या डोक्याचा माणूस, त्याच्यापुढे हात उंचावलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलेलं, अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. ‘मूर्खपणा’ म्हणजे काय, ते या टवाळीतून जितकं कळतं तितकं माझ्या पाच वाक्यांतून कळत नाही. यहुद्यांना अडखळण का, त्यासाठी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २१:२३ पुरेसं: झाडावर टांगलेला तो शापित.

जुन्या करारातले संदर्भ उघडून बघणं ही पायरी बहुतेक जण गाळतात. १:१९ हे यशया २९:१४ मधून आहे. तिथले शहाणे कोण? यहूदाच्या दरबारातले मुत्सद्दी, देवाला न विचारता मिसरशी गुपचूप संधान बांधणारे. १:३१ हे यिर्मया ९:२४ मधून, आणि त्याच्या आधीचं वचन वाचलं की सगळा उतारा उलगडतो: ज्ञान्याने ज्ञानाची, बलवानाने बळाची, श्रीमंताने धनाची प्रौढी मिरवू नये. पौलाचे ज्ञानी, बलवान, कुलीन याच साच्यातले. उताऱ्याचा कणा इथे सापडतो. प्रश्न शिकलेला की अडाणी हा नाही. प्रौढी कशाची मिरवता, हा आहे. त्यावरून बुधवारी रात्रीपर्यंत माझं केंद्रवाक्य तयार होतं, पंधरा शब्दांच्या आत: ‘देव आपल्या प्रौढीखालची फळी काढून घेतो आणि तिथे ख्रिस्ताला उभं करतो.’ ते एका दमात म्हणता येत नसेल तर शुक्रवारी लिहायला बसत नाही.

आता दृष्टान्त. पंडित आणि नावाड्याची गोष्ट या विषयावर हमखास येते: पंडित व्याकरण विचारतो, नाव बुडू लागते, नावाडी विचारतो पोहता येतं का? गोष्ट छान आहे आणि इथे साफ चुकीची आहे. पोहणं हेही मानवी कसबच. एका कसबाने दुसऱ्यावर मात केली. वधस्तंभ कुठे आला? उलट नावाड्याने बढाई मारायची सोय झाली. शिकलेल्यांची टिंगल करणारा कुठलाही किस्सा मी असाच गाळते. मराठी मंडळीत तर त्याला अर्थच नाही. अहमदनगरपासून कितीतरी ठिकाणी चर्च आणि शाळा एकाच आवारात उभ्या राहिल्या, आणि पहिली पाटी-पेन्सिल अनेक घरांत त्या आवारातूनच आली. शिवाय १:२६ नीट वाचा: ‘पुष्कळ’ ज्ञानी नाहीत असं आहे, ‘कोणी’ नाहीत असं नाही. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प तिथे होता, नगराचा खजिनदार एरास्त होता.

आणखी एक ऐकीव मुद्दा टाळावा: पौल अथेन्सला तत्त्वज्ञान बोलून फसला, म्हणून करिंथात त्याने पद्धत बदलली. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये फसल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. दिओनुस्य आणि दामारी यांनी विश्वास ठेवला असं मात्र लिहिलं आहे. आणि याच पत्रात १५:३३ मध्ये तो ग्रीक नाटकातलं वाक्य वापरतो. १:२७-२८ मध्ये ‘देवाने निवडले’ हे तीनदा घुमवणारा माणूस भाषेच्या सौंदर्याविरुद्ध असेल, हे मला पटत नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेव्हा टाळ, अभंग आणि आख्यान सगळं वापरलंच. बोलण्याच्या कसबाला बंदी नाही. ऐकणाऱ्याचा विश्वास त्या कसबावर टेकला, तर २:५ आड येतं.

लागूकरणासाठी, म्हणजे उताऱ्याचा आपल्या जगण्याशी संबंध जोडण्यासाठी, याकोबाच्या पत्रातलं ३:१३-१८ शेजारी ठेवते. ते पाच मिनिटांत बसतं आणि हवेत राहत नाही. खालचं शहाणपण ओळखायच्या खुणा तिथे मत्सर आणि तट पाडण्याची वृत्ती या आहेत. वरून येणारं शहाणपण शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दुसऱ्याचं ऐकून घेणारं, दयेने भरलेलं, भेदभाव आणि ढोंग नसलेलं. मग प्रश्न आपोआप घरी येतात. पंचांच्या निवडणुकीत ‘आमचे जुने पाळक’ आणि ‘यांचे नवे पाळक’ असे तट का? देणगीदारांच्या पाटीवर नावाचा आकार कशावरून ठरतो? प्रभुभोजनाला कोण आधी उठतो? (करिंथात तर एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, ११:२१.) यातले दोनच प्रश्न विचारते. चार विचारले की लोक शेजाऱ्याची नावं त्यात भरत बसतात.

लिहायचं गणित साधं आहे. माझा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्द; बावीस मिनिटांना बावीसशे. सुरुवात आणि तट दोन मिनिटं, पार्श्वभूमी तीन, संदेशाचा फेरा सहा, लोकांचा चार, उपदेशकाचा दोन, लागूकरण पाच. शनिवारी मोठ्याने वाचून काटछाट. नियम एकच: जे वाक्य मी ‘आमेन’ मिळावं म्हणून लिहिलं आहे, ते जातं. साधारण तीनशे शब्द जातात, आणि दरवेळी सगळ्यात लाडकी वाक्यं त्यात असतात. उरलेला वेळ विरामांसाठी. त्यानंतर घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या कोणालाही ऐकवून ‘मी काय म्हटलं?’ विचारायचं. उत्तरात ‘ख्रिस्त’ आला नाही आणि ‘गर्व करू नये’ एवढंच आलं, तर १:३० वरचा परिच्छेद पुन्हा लिहायचा. तो शेवटी ढकलला गेलेला असतो.

रविवारी २:५ वाचून झाल्यावर पान बंद करते, आणि २:६ कडे बोट दाखवून ठेवते, कारण तिथे पौल म्हणतो की प्रौढांमध्ये आम्ही ज्ञान सांगतोच. ते पुढच्या रविवारचं. उपासना संपल्यावर दाराशी कोणी विचारलं, ‘मग पोराला इंजिनिअरिंगला घालू नये की काय?’ तर ‘जग’ या शब्दावर मी कमी वेळ दिला असं समजते, आणि समासातले योसेफ आणि बसालेल पुढच्या कागदावर मुख्य मजकुरात घेते.