तयार दस्ता मिळत असताना लाकूड का कोरता?

एअर रायफलसाठी अ‍ॅल्युमिनियमचे, पेच फिरवून हवे तसे खालीवर करता येणारे दस्ते (रायफलचा खांद्याला आणि गालाला टेकणारा सांगाडा) मिळत असताना मी अक्रोडाचा ठोकळा हाताने का कोरत बसतो, हे नागपुरातल्या नेमबाजीच्या रेंजवरचे पालक आणि प्रशिक्षक मला नेहमी विचारतात. ‘आवड आहे’ हे माझे आजवरचे उत्तर विषय टाळण्यापुरते होते. पुन्हा विचारलेत म्हणून आता नीट लिहितो.

सागवानाचा मुद्दा आधी संपवतो. लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकूडबाजारात, ते हवे तेवढे मिळते, पण त्यातल्या सिलिकेमुळे पटाशीची धार लवकर जाते. अक्रोड महाग पडतो, मात्र त्यात धातूचा भाग बसवायची बारीक खाच स्वच्छ निघते. रायफलच्या धातूच्या भागाला काजळी लावायची, तो खाचेत दाबून उचलायचा आणि जिथे काळे उमटले असेल तेवढेच खरवडायचे. डाग सगळीकडे सारखा पडेपर्यंत दुसरे काही करायचे नाही. हे काम यंत्र माझ्यापेक्षा लवकर करते, हे मला मान्य आहे.

माझा आग्रह माणसाच्या मापाबद्दल आहे. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो, आणि मान अवघडलेली असेल तर तो हाती लागत नाही. माझ्याकडे एक डावखुरी मुलगी येत असे, जी तोवर उजव्या हाताच्या दस्त्यावर गाल कसाबसा टेकवून नेम धरत होती. मी तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगायचो आणि मग डोळे उघडायला. नजर साइटच्या, म्हणजे ज्यातून नेम धरतात त्या, भोकाच्या वर पडली की गालाखालचे लाकूड कानशीने थोडे उतरवायचे आणि पुन्हा डोळे मिटायला लावायचे. एका संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “काका, मान न हलवता दिसतंय.”

पावसाळ्यात तिच्या वडिलांनी दस्ता परत आणला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वाळलेले लाकूड आषाढात ओल पिऊन हलते, असे प्रशिक्षकांनी त्यांना सांगितले होते. ते खोटे नव्हते. जवसाच्या तेलाचे हात दिल्याने ओल उशिरा शिरते, थांबत नाही. “भाऊ, पैसे नकोत, पण हा तुमच्याकडेच राहू द्या,” असे म्हणून त्यांनी तो ओट्यावर ठेवला. मला ते फार लागले. त्याहून लागले ते पुढचे: धातूच्या नव्या दस्त्याची उंची आणि लांबी लावण्यासाठी त्यांनी माझ्याच लाकडावर टेप धरून मापे उतरवून नेली, आणि मुलीचे गुण वाढले.

पेचाला माप कळते, माणूस कळत नाही, असे मी पूर्वी ठणकावून सांगत असे. त्या वाक्यात तोरा होता. ती मापे माझ्या कानशीतून निघाली, हे खरे. पण ती मिळाल्यावर लाकूड लागले नाही, हेही तितकेच खरे, आणि यातले कोणते जड धरावे हे माझे मलाच ठरत नाही. धातूच्या सांगाड्यावरही पकड बहुधा लाकडाचीच असते, म्हणून हल्ली नुसत्या पकडी जास्त करतो. पूर्ण दस्ता हवा असेल त्यांनी दिवाळीनंतर यावे. पावसाळ्यात मी लाकडाला खाच मारत नाही.