ट्रूमनच्या टेबलाचा खण

शनिवार, रात्रीचे साडेदहा

पाय दुखतायत, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

सकाळी लेकाने गाडी काढली. इथे अमेरिकेत, त्याच्या ओव्हरलँड पार्कहून इंडिपेंडन्स हे गाव अर्ध्या तासावर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रूमन यांचं गाव. "आई, ट्रूमनचं ग्रंथालय बघायला जाऊ," म्हणाला तेव्हा मी पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे आणली होती. प्रत्यक्षात ती निघाली एका माणसाची रेकॉर्ड रूम आणि तिला जोडून संग्रहालय. राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या कारकिर्दीचे कागद अशा ठिकाणी जातात. १९५५ साली तसा कायदा झाला आणि त्याखाली उभं राहिलेलं पहिलं ग्रंथालय हे, १९५७ सालचं. बत्तीस वर्षं महसूल खात्यात काढलेल्या बाईला रेकॉर्ड म्हटलं की धूळ आणि रुमालात बांधलेली दप्तरं आठवतात. इथे धुळीचा कण नाही. हेवाच वाटला.

ओव्हल ऑफिसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीच्या, प्रतिकृतीसमोर नातीचे फोटो झाले. ट्रूमन यांच्या टेबलावरची ती प्रसिद्ध पाटी 'द बक स्टॉप्स हिअर' इथेच आहे. ओक्लाहोमातल्या तुरुंगात बनवून घेतलेली, १९४५ ची. म्हणजे काय, असं नातीने विचारलं. "फाईल इथून पुढे सरकणार नाही, शेवटची जबाबदारी इथेच," असं मी सांगितलं, तर लेक हसत म्हणाला, "आई, आपल्याकडे त्याचा अर्थ उलटा होतो." खरंच की! आमच्याकडे फाईल न सरकणाऱ्या टेबलाला वेगळंच नाव होतं.

अणुबाँबच्या दालनात नागासाकीच्या बाँबचा सेफ्टी प्लग आहे, आणि सादाको सासाकीने घडी घालून केलेला कागदाचा चिमुकला क्रौंच. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या भावाने हा क्रौंच २०१५ साली इथे दिला. ज्याने बाँब टाकायला लावला त्याच्याच घरी. मी तिथे फार वेळ थांबले नाही. थांबवेना.

थांबले ती एका पत्रापाशी. कोरियाच्या युद्धात मुलगा गेलेल्या कनेक्टिकटमधल्या एका बापाने ट्रूमनना लिहिलेलं पत्र. सोबत मुलाला मरणोत्तर मिळालेलं पर्पल हार्ट, लढाईत जखमी किंवा ठार झालेल्या सैनिकाला देतात ते पदक. आमच्या मुलाच्या मृत्यूला तुम्हीच थेट जबाबदार आहात, तेव्हा हे तुमच्याच शोभेच्या खोलीत ठेवा, असा मजकूर. आणि पुढे, आमच्या मुलाच्या वाट्याला जे आलं ते भोगायला तुमची मुलगी तिथे नव्हती याची खंत वाटते. लेकाने वाक्य वाक्य सांगितलं. शेवटचं सांगताना त्याने आवाज खाली आणला, नात जवळ होती म्हणून.

१९७२ च्या डिसेंबरात ट्रूमन वारले. त्यानंतर याच ग्रंथालयातल्या त्यांच्या टेबलाच्या खणात हे पत्र आणि पदक सापडलं. निवृत्तीनंतर कित्येक वर्षं ते इथे येऊन काम करत. खण उघडला की ते समोर येत असणार. फेकून देता आलं असतं, किंवा हजारो कागदांत रीतसर नोंदवून पुरता आलं असतं. खणात का ठेवलं, कोण सांगणार! कोरियात सैन्य पाठवण्याचा निर्णय चुकला असं ते कबूल करत होते असंही मी म्हणणार नाही.

मलाही असं एक पत्र आलं होतं. पोस्टकार्ड. गारपिटीच्या अनुदानाच्या यादीतून एका शेतकऱ्याचं नाव गळलं होतं. पंचनामा तलाठ्याचा, सही साहेबांची, पण यादी माझ्या हातची, म्हणून कार्ड माझ्या नावाने. 'बाई, तुमच्या घरावर अशी वेळ आली असती तर?' एवढंच आठवतं. मी ते साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, वैयक्तिक आहे, आवकच्या नोंदवहीत चढवू नका. मी चढवलं नाही. दुपारच्या चहाच्या वेळी चार तुकडे करून टोपलीत टाकलं. पुरवणी यादी निघाली, तीत त्याचं नाव होतं की नाही, हे मी तेव्हा बघितलं नाही. बघायला दोन मिनिटं लागली असती.

अंगणात ट्रूमन आणि त्यांची बायको बेस यांच्या कबरी आहेत. उठून आपल्या ऑफिसात जाता यावं म्हणून इथेच पुरा, असं ते म्हणत. त्यावर ह्यांचा शेरा: "ही मेल्यावरही कचेरीत जाईल." सगळे हसले, मीही हसले.

बाहेर पडताना नातीने त्या पाटीची छोटी नक्कल घेतली. आता ती तिच्या गृहपाठाच्या टेबलावर आहे. मघाशी दिवा घालवायला गेले तेव्हा दिसली.

झोप येत नाही. कार्डावरचं गाव आठवतंय, कोयनाकाठचं. माणसाचं नाव काही केल्या आठवत नाही.