एम्प्रेस मिल ते लोअर परळ, चित्रांच्या वाटेने

कामगार आणि शहर रंगवणारे चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचं मोठं पुनरावलोकन प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत चाललं. मांडणी नॅन्सी अदजानियांची. ते पाहायला नागपूरहून जायचं होतं. दुरंतो निघते रात्री पावणेनऊच्या सुमारास, म्हणून संध्याकाळी आधी गांधीसागर तलावाकडे चक्कर मारली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथलीच, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. २००२ मध्ये ती बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. ‘मुलगा एम्प्रेसमध्ये आहे’ एवढ्यावर सोयरिकी जुळायच्या त्या काळात गिरणीचं नाव म्हणजेच गड्याची ओळख होती. पटवर्धनांच्या चित्रांकडे जाताना नागपूरकराने हे सोबत न्यावं.

रेल्वेने अंतर ८३७ किलोमीटर. सकाळी आठच्या आसपास सीएसएमटी. संग्रहालय अकराला उघडतं आणि सोमवारी बंद असतं, त्यामुळे रविवारी रात्रीची गाडी पकडलीत तर बंद दारापुढेच उभे राहाल. सामान क्लोकरूममध्ये टाका. कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत. मग हुतात्मा चौकावरून काळा घोड्यापर्यंत चालत अर्धा तास धरा.

इमारत म्हणजे १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून संग्रहालय. मजले अर्धगोल, एकावर एक चढत घुमटापर्यंत जाणारे. खाली फार वेळ घालवला की वर पोचेपर्यंत पाय आणि डोळे दोन्ही थकतात. आधी न थांबता घुमटापर्यंत एक फेरी, मग परत खालून सावकाश, हा क्रम बरा. काचेखालच्या रेखाटनांवर दिवे चकाकत होते. समोर न उभं राहता थोडं तिरकं उभं राहावं लागलं. मोठ्या कॅनव्हाससाठी चार-पाच पावलं मागे यावं लागतं आणि वळणदार भिंतीमुळे काही ठिकाणी तेवढी जागाच मिळत नाही. शनिवार-रविवार टाळा, ते यासाठीच.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. शिक्षण सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, आणि १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम. चित्रांतली शरीरं पाहताना हे सतत आठवत राहतं. चेहऱ्याआधी वजन पाहा: भार कोणत्या पायावर आहे, पाठ कुठे वाकली आहे, मनगट किती जाड आहे. सत्तरच्या दशकातले पुरुष अंगापिंडाने भरभक्कम आहेत, पण भित्तिपत्रकावरचा मूठ उगारलेला कामगार इथे सापडत नाही. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) घ्या. शरीर दणकट, पण त्या ताकदीला त्या घडीला काही काम नाही. पुरुषपणाचा सगळा प्रश्न मला त्या रिकामपणात दिसतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला; अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण परत कामावर गेलेच नाहीत. पुढच्या चित्रांत शहर वाढत जातं, माणूस लहान होतो. ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये तर नजर आधी पुलावर आणि इमारतींवर जाते, माणसं शोधावी लागतात. कमावता गडी कमावेनासा झाला की उरतो कोण? पटवर्धन उत्तर देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

पुरुषपणाचा हाच विषय दुसऱ्या टोकाने पाहायचा तर चित्रकार भूपेन खख्खर. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात दोघंही होते. बडोद्याच्या या हिशेबनिसाने ‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये पुरुषांमधलं प्रेम उघड रंगवलं. पटवर्धनांचा पुरुष कामाने घडतो, खख्खरांचा ओढीने. चित्रं पाहणाऱ्यांमध्ये यावर वाद होतात, पण दोघांनीही मिशीला पीळ देणारा मर्द बाजूला ठेवला एवढं नक्की.

तीन तासांत पाहणं उरकलं. मग चर्चगेटपर्यंत चालत जा आणि धीमी लोकल घ्या. जलद गाडी लोअर परळला थांबत नाही. चर्चगेट धरून सातवं स्टेशन. उतरून फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलपर्यंत पायी गेलात की गांधीसागरची आठवण आपोआप येते. इथली चिमणी अजून उभी आहे. परतीची दुरंतो सव्वाआठच्या सुमारास. पाचच्या आत लोअर परळ सोडा. त्यानंतर ऑफिसं सुटतात आणि पुलावर पाय ठेवायलाही जागा उरत नाही.