मतपत्रिकेवर करार कंसात असतो

२ ऑक्टोबर २००९ ला आयर्लंडच्या मतदारांच्या हातात जो कागद पडला, त्यावर लिस्बन कराराचं, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या कराराचं, नाव फक्त कंसात होतं. प्रश्न असा: खालील विधेयकातला घटनादुरुस्तीचा प्रस्ताव तुम्हाला मान्य आहे का? त्याखाली विधेयकाचं नाव, 'अठ्ठाविसावी घटनादुरुस्ती (लिस्बन करार) विधेयक २००९', आणि 'हो' व 'नाही' असे दोन चौकोन. एका चौकोनात फुली मारायची, एवढंच काम.

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सार्वमत वाचतात ते बहुधा दोन ओळींत: 'जनतेने करार फेटाळला', 'जनतेने करार स्वीकारला'. ही मांडणी अपुरी आहे. जनता करारावर मत देत नाही, सरकारला परवानगी देणाऱ्या घटनेतल्या एका वाक्यावर देते. लिस्बनच्या वेळी हे वाक्य अनुच्छेद २९ मध्ये जायचं होतं. त्याचा आशय असा: १३ डिसेंबर २००७ ला लिस्बन इथे सही झालेल्या कराराला राज्यसंस्था अनुसमर्थन, म्हणजे अंतिम मान्यता, देऊ शकेल. 'देईल' नव्हे, 'देऊ शकेल'. पुढची सगळी प्रक्रिया या 'शकेल'भोवती फिरते.

आयर्लंडमध्ये प्रत्येक करारावर सार्वमत होत नाही. साधा करार संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे डॉलमध्ये, मांडला की पुरतं. सरकारी तिजोरीवर बोजा पडणार असेल, तर डॉलची मंजुरी लागते. सार्वमत कधी लागतं हे रेमंड क्रॉटी या अर्थतज्ज्ञाच्या खटल्यातून ठरलं. हा माणूस आधी शेतकरी होता. 'सिंगल युरोपियन ॲक्ट' हा करार नुसत्या कायद्याने मंजूर करायला त्याने हरकत घेतली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. निकालाचं सार असं, की युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या) मूळ सदस्यत्वाची व्याप्ती वा उद्दिष्टं बदलत असतील किंवा परराष्ट्र धोरण स्वतः ठरवण्याचा सरकारचा अधिकार बांधला जात असेल, तर आधी लोकांना विचारावं लागेल. १ जानेवारी १९८७ ला लागू व्हायचा तो करार समुदायाच्या बाराही देशांसाठी सहा महिने अडला. २६ मे ला आयर्लंडमध्ये सार्वमत झालं आणि १ जुलैला करार लागू झाला.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की पहिला निर्णय ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे सरकारच्या कायदा सल्लागाराच्या, टेबलावर होतो. त्यांनी 'दुरुस्ती लागत नाही' असं सांगितलं, तरी कुणीही नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. अशाच एका युरोपीय करारावरच्या २०१२ च्या प्रिंगल खटल्यात न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, म्हणजे दर वेळी नागरिकच जिंकतो असंही नाही.

दुरुस्ती लागते असं ठरलं, तर विधेयक डॉलमध्येच सुरू व्हावं लागतं आणि त्यात दुसरा कुठलाही विषय घुसवता येत नाही. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं की मंत्री मतदानाचा दिवस जाहीर करतो. हा दिवस आदेशानंतर ३० दिवसांच्या आत नको आणि ९० दिवसांच्या पुढे नको. मत फक्त आयरिश नागरिकांना. मोजणी मतदारसंघनिहाय होते, निकालाचं तात्पुरतं प्रमाणपत्र राजपत्रात येतं आणि त्यानंतर सात दिवस उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. आव्हान आलं नाही, तर राष्ट्राध्यक्ष विधेयकावर सही करतात. एवढं झालं तरी करार मंजूर झालेला नसतो. अनुसमर्थनाचा दस्तऐवज ठरलेल्या ठिकाणी जमा करावा लागतो. लिस्बनच्या बाबतीत ते ठिकाण होतं रोम, इटलीच्या सरकारकडे.

आता बिघडतं कुठे ते पाहू. माझ्या मते खरा अभ्यास इथेच आहे.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे लोक दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. १२ जून २००८ ला लिस्बन पहिल्यांदा मताला आला, तेव्हा ५३.४ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. प्रचारात गाजले ते गर्भपात, देशाची लष्करी तटस्थता, कंपन्यांवरचा कर आणि युरोपीय आयोगातला, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळातला, आयर्लंडचा आयुक्त जाण्याची भीती. यातल्या आयुक्ताच्या मुद्द्याला करारात खरंच आधार होता, बाकीच्यांना फारसा नव्हता. पण शेकडो पानांचा करार, तोही जुन्या करारांमधल्या कलमांत 'हा शब्द काढा, तो घाला' अशा भाषेतला, कोण वाचणार? आपल्याकडे ग्रामसभेत म्हाताऱ्या बाया थेट विचारतात, 'कागदवर काय लिखेल शे?' त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर शहाणा माणूस 'नाही' म्हणतो. यात मतदाराचा दोष मला दिसत नाही.

दुसरी अडचण कमी मतदानाची. २००१ मध्ये युरोपीय संघाच्याच नीस कराराच्या वेळी जेमतेम ३५ टक्के लोक मतदानाला आले आणि करार पडला. पुढच्या वर्षी मतदान ४९ टक्क्यांवर गेलं आणि तोच करार जवळपास ६३ टक्के मतांनी पास झाला.

'उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा विचारलं' हा आक्षेप इथूनच येतो. तो हलका नाही. पण दुसऱ्या मतदानाआधी काय बदललं ते तपासलं पाहिजे. दोन्ही वेळी करारातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. लिस्बनच्या वेळी मात्र प्रत्येक देशाचा आयुक्त कायम ठेवायचं ठरलं आणि जून २००९ मध्ये कर, जीविताचा हक्क व तटस्थता यांवर लेखी हमी मिळाली. ती पुढे प्रोटोकॉल, म्हणजे पुरवणी, म्हणून करारांना जोडली गेली. मग ५९ टक्के मतदान झालं आणि ६७.१ टक्के 'हो' आले.

पैशाच्या बाबतीत आयर्लंडने लावलेली शिस्त आपण शिकावी अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या मॅकेना निकालापासून सरकारला सार्वमतात एका बाजूच्या प्रचारासाठी सरकारी पैसा वापरता येत नाही. माहिती द्यायची ती स्वतंत्र आयोगाने, दोन्ही बाजूंपासून अंतर ठेवून.

आता बहुमत कशाचं मोजायचं, याकडे येऊ. आयर्लंडमध्ये घटनादुरुस्तीला पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं, किमान मतदानाची अट नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान होतं, तिथे मोजमाप उलटं आहे. आधी किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. समजा चाळीसगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात यादीत ८०० बायका आहेत. ५०० जणी आल्या आणि ३९० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहतं, कारण ४०१ मतं हवी होती. म्हणजे सुरतेला कामाला गेलेली, सासरी गेली तरी यादीत नाव राहिलेली, अगदी मयत झालेली मतदारसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. मतदानाआधी यादी साफ करून घ्या, असं कार्यकर्त्या जीव तोडून सांगतात ते याचसाठी. हीच फूटपट्टी २००९ च्या आयर्लंडला लावली, तर एकूण मतदारांपैकी 'हो' म्हणणारे फक्त ३९ टक्क्यांच्या आसपास निघतात. लिस्बन करार पडला असता. देशाची घटना बदलायला जी अट नाही, ती दारूचं दुकान बंद करायला आहे. मला ही अट अन्यायाची वाटते.

भारतात करारावर सार्वमताची सोयच नाही. करार केंद्र सरकार करतं आणि तो अमलात आणायला कायदा लागला, तर अनुच्छेद २५३ खाली संसद तो करते, विषय राज्यसूचीतला असला तरी. अपवाद भूभाग देण्याचा. बेरुबारी प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती हवी. म्हणून १९७४ च्या भारत-बांगलादेश सीमा कराराला २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती लागली. तीही संसदेने केली, सार्वमताने नाही.

१५ एप्रिल १९९४ ला माराकेशमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली. चोपडा, शिरपूरच्या कापूसवाल्याच्या बियाण्यावर त्याचा थेट परिणाम होणार होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. आपल्या पद्धतीत हस्तक्षेपाची जागा नंतर येते, करार राबवणाऱ्या कायद्याच्या मसुद्यात. वनस्पती वाणांच्या संरक्षणाचं विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं, तिथे शेतकऱ्यांच्या हक्कांचा भाग वाढला आणि २००१ च्या कायद्यात कलम ३९ आलं. त्यानुसार शेतकरी संरक्षित वाणाचंही बियाणं राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने पाकीटबंद करून विकता येत नाही. पुढचा कुठलाही व्यापार करार झाला, की त्याच्या बातमीइतकंच लक्ष त्यामागून येणाऱ्या विधेयकावर आणि ते कोणत्या समितीकडे जातं यावर ठेवा. समिती सूचना मागवते तेव्हा मुदत थोडी असते, आणि आपल्या भागातून गेलेली पत्रं त्या मुदतीत पोचली पाहिजेत.