चेरिन्योला: गव्हाच्या पेवांचं गाव

दक्षिण इटलीत जाणारी आपली मंडळी बारीला उतरतात, आल्बेरोबेल्लोची टोकदार छपरांची घरं बघतात, मातेराला एखादी रात्र काढतात आणि परत फिरतात. बारीपासून गाडीने तासाभरावरचं चेरिन्योला कुणाच्या यादीत नसतं. देखणं म्हणावं असं ते गाव नाहीच. पण इथला गहू आणि तो पिकवणारे हात यांचा इतिहास उघड्यावर वाचायचा असेल तर इथेच यायला हवं. आम्ही मुद्दाम गेलो ते त्यासाठीच.

सरळ ‘प्यानो देल्ले फोस्से’ गाठा. लांबून हे मैदान पडीक वाटतं. गवत, मातीचे उंचवटे आणि मध्ये मध्ये उभे बुटके दगड. वाकून पाहिलं की दगडावर एक आकडा आणि दोन-तीन अक्षरं कोरलेली दिसतात. ती मालकाच्या नावाची आद्याक्षरं. दगडाशेजारी जमिनीत पेव. तोंड अरुंद, खाली पोट मोठं. गहू भरला की तोंडावर फळ्या टाकायच्या आणि वर मातीचा ढीग रचायचा, म्हणजे पाऊस बाजूला ओघळून जातो. अशी सहाशेहून जास्त पेवं या एकाच मैदानात आहेत. आपल्याकडची पेवं बुजली, त्यांच्यावर घरं उभी राहिली. इथे भर वस्तीत एवढी मोकळी जागा टिकली याचं मला फार अप्रूप वाटलं. मात्र अक्षरं आहेत ती मालकांचीच. पेवात उतरून गहू भरणाऱ्या-उपसणाऱ्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

भोवतीच्या सपाट मैदानी मुलखाला ताव्होलियेरे म्हणतात. पूर्वी इथे नांगरापेक्षा मेंढरांचा मान मोठा. 1447 मध्ये आरागॉनच्या आल्फोन्सो राजाने मेंढरांवरच्या करासाठी वेगळं खातंच उघडलं. हिवाळ्यात आब्रुत्सोच्या डोंगरातून लाखो मेंढरं इथे चरायला उतरत आणि चराईचा पैसा सरकारजमा होई. 1806 मध्ये ती पद्धत मोडली, कुरणं नांगराखाली आली आणि जमीन मोजक्या बड्या घराण्यांच्या हातात एकवटली. आजही क्षेत्रफळात रोम आणि राव्हेन्नानंतर इटलीत या नगरपालिकेचा नंबर लागतो, सुमारे 590 चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र साठ हजारांच्या आतच. माणसं सगळी गावात दाटलेली आणि शिवार मैलोन् मैल ओसाड, हे दृश्य त्यामुळेच. शेतमजूर पहाटे चौकात उभा राहायचा, मुकादम निवडेल तो कामावर जायचा, बाकीचे घरी. ‘तेर्रा वेक्या’ या जुन्या वस्तीतल्या बोळांतून फिरताना ही दाटी अंगावर येते.

अशाच एका शेतमजुराच्या घरी 1892 मध्ये ज्युझेप्पे दी व्हित्तोरियो जन्मला. बाप लवकर गेला, पोर शाळा सोडून शेतावर राबू लागलं. 1921 मध्ये तुरुंगात असतानाच ते खासदार म्हणून निवडून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचे नेते झाले आणि 1949 पासून जागतिक कामगार महासंघाचे अध्यक्षही. आपल्याकडची आयटक ही कामगार संघटनाही याच महासंघातली. दुसरी बाजूही सांगायला हवी: या भागातला फॅसिस्टांचा पुढारी ज्युझेप्पे काराडोन्ना हाही चेरिन्योलाचाच. मुकादमीचा प्रश्न तरी कुठे मिटला? आता टोमॅटोच्या हंगामात आफ्रिकेतून आलेली पोरं शिवारातल्या मोडक्या घरांत राहतात. बेकायदा मुकादमीविरुद्ध 2016 मध्ये कडक कायदा झाला, तरी रस्त्याने जाताना ती घरं दिसतातच.

बाकीचं थोडक्यात. 1503 मध्ये गावाबाहेर स्पॅनिश सैन्याने खंदकामागून बंदुका चालवून फ्रेंचांना लोळवलं, त्यांचा सेनापतीही पडला. संगीतकार मास्काग्नी इथे बँड शिकवत असताना ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ या ऑपेरावर काम करत होता. न्यूयॉर्कचे एकेकाळचे महापौर ला ग्वार्डिया यांचे वडील इथलेच. पाओलो तोन्ती नावाच्या श्रीमंताच्या मृत्युपत्रातून उभं राहिलेलं घुमटाचं कॅथेड्रल आकाराने दांडगं आहे. मला ते आतून थंडच वाटलं.

आता कामाचं. रेल्वेने जाणार असाल तर ‘चेरिन्योला काम्पान्या’ हे स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब, शेतात आहे. पुढच्या बसची वेळ आधी पक्की करा, रविवारी तर नक्कीच. गाडी भाड्याने घेतली तर बरंच, पण गाडीचोरीसाठी हा भाग इटलीतच बदनाम आहे. राखणदार असलेल्या पार्किंगमध्येच लावा आणि सीटवर काहीही ठेवू नका. दुपारी दुकानं कुलूपबंद असतात, फिरणं सकाळी किंवा संध्याकाळी ठेवा. जुलै-ऑगस्ट टाळा, सावली औषधालाही मिळत नाही. एप्रिल-मे उत्तम, शिवार हिरवंगार असतं.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. शिळा पाव, बटाटे आणि रानभाजी उकळून वर ऑलिव्हचं तेल सोडलेलं ‘पानकोत्तो’ मागा. मूळचं मजुरांचं जेवण, पोटभर आणि स्वस्त. जळक्या गव्हाच्या पिठाचा करडा पास्ताही मिळतो, त्याला खमंग धुरकट चव असते. पास्ता पालेभाजीबरोबर घेताना मात्र त्यात मासळी आहे का विचारा. अँचोव्ही बारीक करून घालतात, दिसत नाही.

आणि ‘बेल्ला दी चेरिन्योला’ हे ऑलिव्ह. खारकेपेक्षा मोठं, गर भरपूर आणि तेलापेक्षा खाण्यासाठीच पिकवलेलं. नवीन पीक ऑक्टोबरात उतरतं आणि मग काही काळ मिठाच्या पाण्यात मुरतं. चव बघूनच घ्या, प्रत्येक दुकानाचं खारटपण वेगळं असतं. मिठाच्या पाण्यातली बरणी विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. घट्ट बांधून मोठ्या बॅगेत घाला.