तुम्ही विचारलंत म्हणून : पोराला डिग्रीला टाकावं की कामाला लावावं?

बारावीचा निकाल आणि बियाण्याचा हंगाम आमच्याकडे मागेपुढेच येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या पाकिटांचं बिल निघेपर्यंत माणूस काउंटरला टेकून उभा राहतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग आवाज खाली करून विचारतो, "भाऊ, पोट्टा पास झाला. बी.ए.ले टाकू, का एखाद्या दुकानात कामाले लावू? डिग्रीवाले तर रिकामेच फिरून राहिले ना जी."

हंगामाच्या गर्दीत दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी लागते, आणि माणूस गेल्यावर ते मनाला लागून राहतं, कारण प्रश्न त्याच्या पोराच्या आयुष्याचा असतो. म्हणून इथे सवडीने लिहितो. मी स्वतः बारावीनंतर अशाच एका दुकानात कामाला लागलो, पदवी काम करता करता मुक्त विद्यापीठातून घेतली आणि आता माझ्या दुकानात पोरं कामाला असतात. माझं मत असं आहे की पदवी घ्यायचीच, पण तिच्यासाठी तीन वर्षं घरी बसून काढायची नाहीत. आणि जे काम करायचं त्याचा कागद मागून घ्यायचा. आपल्या भागातली पोरं लहानपणापासून कामच करतात, पण त्या कामाची नोंद कुठेच नसते. त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

आधी पदवीचं बघू. 2023 ची तलाठी भरती तुम्हाला आठवत असेल. जाहिरातीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. अट होती कोणत्याही शाखेच्या पदवीची. तलाठ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या गावच्या कोतवालाला सातबारा, फेरफार, पंचनामा हे सगळं हातातलं असतं, नवीन तलाठी आला की गावाच्या शिवा-बांधांची ओळख तोच करून देतो. पण पदवी नसेल तर त्याला तो फॉर्म भरता येत नाही. त्याच्या अनुभवासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. राज्यसेवेचंही तेच, पदवी कोणतीही चालते, पण लागतेच. पोलीस शिपायाला बारावी पुरते. सरकारी दारात उभं राहायचं असेल तर पदवी नाकारून चालत नाही.

मात्र त्या दहा लाखांपैकी प्रत्येकाजवळ पदवी होती हेही ध्यानात घ्या. म्हणजे पदवीने त्यांना रांगेत उभं केलं, पुढे सरकवलं नाही. हे बापाला आधीच माहीत असलं तर तीन वर्षांनी तो पोरावर चिडणार नाही.

आपल्या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते, पण घरातली भांडी विकावी लागली तरी पोरांना शिकवा, असं कीर्तनातून सांगत राहिले. मी वऱ्हाडातला माणूस आहे, त्यामुळे शिकून काय होतं हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघणार नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. बी.ए.ला नाव घातलेलं असतं, कॉलेज तालुक्याला असतं, हजेरीचं कोणी विचारत नाही, आणि पोरगा दिवसभर बसस्टँडवर नाहीतर मोबाइलवर असतो. वावरात जायची त्याला लाज वाटते आणि वर्गात जायची गरज वाटत नाही. ती तीन वर्षं अशी निघून जातात की त्यांतलं त्याच्या हाताला काहीच लागत नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मुलगी बारावी झाली असेल तर तिला कॉलेजात टाकाच, आणि रोज जाणारं कॉलेज बघा. बारावीपर्यंत एसटीचा पास मुलींना फुकट असतो. तो संपला की बरेच बाप थांबतात आणि पाहुणे यायला लागतात. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे, विद्यार्थ्यांच्या पासाला सवलत वेगळी आहे. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. नर्सिंग, फार्मसी, कृषी, इंजिनिअरिंग, जे झेपेल ते. मुलाला कामाला बाहेर पाठवताना घर फार विचार करत नाही. मुलीला घराबाहेर पडायला आपल्या गावांत अजूनही कॉलेज हेच एक मान्य कारण आहे. ते कारण तिच्याजवळ तीन-चार वर्षं राहू द्या.

आता माझ्याच धंद्यातलं सांगतो, कारण पदवी आणि अनुभव यांचा सामना मी तिथे रोज बघतो. पूर्वी ज्याच्याकडे भांडवल आणि गाळा त्याने दुकान टाकायचं. 2015 मध्ये कीटकनाशकं आणि खतं विकण्याच्या परवान्याला शिक्षणाची अट आली. कृषीची पदवी किंवा पदविका, नाहीतर रसायनशास्त्रासारख्या विषयातली पदवी हवी. आयुष्य काउंटरवर काढलेले आमचे जुने दुकानदार हादरून गेले. त्यांच्यासाठी वाट निघाली ती 'देसी' नावाच्या पदविकेची. हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेचा हा अभ्यासक्रम 48 आठवड्यांचा आहे, आठवड्यातून एक दिवस वर्ग, अधूनमधून शेतावर भेटी. मीही तो केला. केस पिकलेली माणसं बाकावर बसून मातीचा सामू (पीएच) आणि औषधातला सक्रिय घटक लिहून घेत होती. नाव पाठ असलेल्या औषधात नेमकं काय आहे, हे त्यांतल्या अनेकांना तिथे पहिल्यांदा कळलं.

ही अट जाचक आहे असं काही जण अजून म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. 2017 च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या दिवसांत यवतमाळच्या सरकारी दवाखान्याचे वॉर्ड भरलेले होते. कोणती दोन औषधं एका पंपात मिसळायची नाहीत, डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो, वारा तोंडावर असताना का फवारायचं नाही, हे विकणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. 'आम्ही इतकी वर्षं असंच विकतो' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. माणसाच्या जिवाशी गाठ असते तिथे शिक्षण मागणारा कायदा मला बरोबर वाटतो.

पण नुसत्या पदवीनेही भागत नाही. माझ्याकडे एक पोरगा बारावीनंतर लागलेला आहे, दुसरा बी.एस्सी. ॲग्री झालेला. ऑक्टोबरात एक काका प्लास्टिकच्या पिशवीत कपाशीची पानं घेऊन आले. पानं लाल पडलेली. "अळीचं जबरदस्त औषध दे," म्हणाले. बारावीवाल्याने पान उलटं केलं, खालच्या बाजूने अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं. कडा मुडपलेल्या नव्हत्या, रस शोषणारे तुडतुडे नव्हते, पान लाल पण शिरा अजून हिरव्या. त्याने विचारलं, "वावर हलकं हाये का काका? बोंडं लय लागलीत का?" काका हो म्हणाले. "मग हा लाल्या हाये. अळीचं औषध कायले मारता?" पुढचं काम बी.एस्सी.वाल्याने केलं. बोंडं भरताना झाड पानांतलं अन्न ओढून घेतं, जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलं की पानातलं हरितद्रव्य कमी होतं, हे त्याने काकांना समजेल असं सांगितलं आणि हिशोब मांडला: एक टक्क्याचं द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. काका जे मागायला आले होते त्याहून ते कितीतरी स्वस्तात गेलं.

पान बारावीवाल्याने ओळखलं, कारण तो तीन हंगाम रोज पानं बघतोय. बी.एस्सी.वाला पहिल्या हंगामात गोंधळायचा, आता नाही. तो वर्षभरात हाताने शिकला. पण उद्या दोघांनी स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं तर परवाना एकालाच मिळेल, आणि तो पान ओळखणाऱ्याला मिळणार नाही. म्हणून त्याला मी 'देसी'च्या पुढच्या बॅचची चौकशी करायला लावली आहे आणि मुक्त विद्यापीठाचा फॉर्मही भरायला सांगितला आहे. नाशिकचं हे विद्यापीठ 1989 पासून आहे. तिथली पदवी नोकरीत चालत नाही असा गैरसमज गावांत पक्का बसला आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलेलं आहे. काम करून शिकणाऱ्यासाठी याहून सोयीची वाट मला माहीत नाही.

आता अनुभवाकडे येतो. आपल्याकडची किती पोरं पुण्याकडे चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत जातात, नागपूरला बुटीबोरीच्या कंपन्यांत जातात. गावातली दिवाळीनंतर जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, जातात. परत आल्यावर नव्या ठिकाणी विचारतात, अनुभव किती? पोरगा म्हणतो, तीन वर्षं. कागद? कागद नाही. कंपनीत तो ठेकेदाराचा माणूस होता आणि ठेकेदार बदलला. जिनिंगवर तर पगार हातात रोख. तो रेच्याचे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राचे, रोलर बसवतो, गठाण बांधायच्या प्रेसवर उभा राहतो, मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलं हे सांगतो, आणि कागदावर मात्र तो बारावी पास बेरोजगार असतो. असा पोरगा समोर बसला की माझा जीव तुटतो.

म्हणून कामाला लागताना लाज न धरता चार गोष्टी मागायला पोराला शिकवा. नेमणुकीचं पत्र, त्यावर कामाचं नाव. पगार बँकेतून. जिथे वीस किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पीएफ, कारण पीएफच्या पोर्टलवर कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद राहते आणि ठेकेदार पळाला तरी ती पुसली जात नाही. काम सोडताना अनुभवाचं पत्र. लहान दुकानात पीएफ नसतो, पण लेटरहेड असतं. माझ्याकडून जाणाऱ्या पोराला मी पत्र देतो आणि त्यात 'चांगला मुलगा आहे' एवढंच लिहून थांबत नाही. साठा नोंदवही ठेवली, ई-पॉस मशीनवर खतविक्री केली, जीएसटीचं बिल बनवलं, कपाशी-सोयाबीन-तुरीवरच्या किडी ओळखतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, असं लिहितो. अकोल्याच्या एका वितरकाने अशा पत्रावर एका पोराला फोनवरच बोलावून घेतलं होतं.

आणि आयटीआय विसरू नका. बी.ए. की काम, या दोनच वाटा धरून लोक विचारतात, तेव्हा मधली ही वाट कोणाच्या मनातच नसते. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. महावितरणमध्ये विद्युत सहायक व्हायला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचाच आयटीआय लागतो, तिथे बी.ए. काही कामाची नाही. आयटीआयनंतर 1961 च्या कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागता येतं, त्याचं विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्रही. म्हणजे अनुभव आपोआप कागदावर येतो. 2024 मध्ये सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, ज्याला लोक 'लाडका भाऊ' म्हणतात. तिच्यात महिन्याला बारावीवाल्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये ठरले. तीन शिक्षणांत सरकारच्या लेखी केवढं अंतर आहे ते त्यावरून दिसतं. बाहेर बाजारात चांगला वायरमन पदवीधराच्या पुढे निघून जातो, हे मी तालुक्यात रोज बघतो.

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांबद्दल मात्र लिहिताना हात जड होतो. राज्य सरकारच्या नोकरीत खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत वय चालतं, म्हणून आशा लवकर सुटत नाही. अभ्यासिकेत बसणारी पोरं आळशी नसतात, ती पहाटे उठतात, डबा बांधून नेतात. पण घरून पैसे येत असतात ते कापसाचे, आणि कापसाचा भाव काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा पोराला मी म्हणतो, दोन वर्षं पूर्ण जोर लाव, तिसऱ्या वर्षापासून अर्धा दिवस काम धर. परीक्षा सोडू नकोस. पण तिशीत पहिल्यांदा कामाला लागणारा माणूस विशीतल्या पोरांसोबत हेल्पर म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याला आतून काय होतं ते मी पाहिलं आहे. एम.ए. झालं म्हणून दुसरं एम.ए., हे तर नकोच.

तर या जूनमध्ये पोराचं जे काही ठरेल ते ठरेल. फॉर्म भरण्याआधी एक काम मात्र घरी बसून करा. दहावीची सनद, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवा आणि नावाचं स्पेलिंग, बापाचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण कॉलेजचा प्रवेश असो, आयटीआय असो की पीएफ, अडतं ते तिथेच. काही समजलं नाही तर तिन्ही कागद घेऊन दुपारी एकनंतर दुकानात या. तेव्हा गर्दी कमी असते, नीट बसून बघता येतं.