दोनशे डॉलरचं क्रेडिट नेमकं कितीचं?

समजा, रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या सात रात्रींच्या एका क्रूझचं दोघांसाठीचं भाडं दोन ठिकाणी विचारलं. जहाज तेच, तारीख तीच, केबिनचा प्रकारही तोच. पहिला एजंट १८०० डॉलर सांगतो आणि वर २०० डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे फक्त जहाजावर खर्च करता येणारी रक्कम, देतो. दुसरा १६८० सांगतो, क्रेडिट काहीच नाही. कर आणि बंदर शुल्क दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते बाजूला ठेवू. स्वस्त कोण?

उत्तर तुम्ही टिपचे पैसे कधी भरता यावर अवलंबून आहे. साध्या केबिनला कंपनी कर्मचाऱ्यांसाठी आकारते ती टिप माणशी रोज १८.५० डॉलर धरली तर दोघांची सात रात्रींची टिप २५९ डॉलर होते. ती आगाऊ न भरता जहाजावर रोजच्या रोज खात्यात पडू दिली, तर त्यातले २०० क्रेडिटमधून वळते होतात आणि खिशातून ५९ जातात. पहिल्या एजंटचा एकूण खर्च १८५९, दुसऱ्याचा १९३९. पहिला ८० डॉलरने स्वस्त पडला. पण बुकिंग करताना "टिप आत्ताच भरून टाका" या चौकटीत खूण केली, तर पहिल्याकडे २०५९ होतात आणि जहाजावर गेल्यावर ते २०० डॉलर कुठे घालवायचे हा प्रश्न उरतो. मग ते फोटोत, स्पामध्ये किंवा शेवटच्या दिवशी दुकानातल्या टी-शर्टमध्ये जातात. तीच ऑफर आता १२० डॉलरने महाग झाली.

क्रेडिटबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका हिशेबात आहे. जो खर्च तुम्ही तसाही करणारच होतात तो क्रेडिटने भागत असेल, तर ते पूर्ण किमतीचं. नाहीतर ते जहाजावरच्या दुकानाचं कूपन आहे, आणि त्याची किंमत निम्मी धरली तरी पुष्कळ झाली.

क्रेडिटचे दोन प्रकार असतात आणि बुकिंगच्या कागदावर हा फरक बारीक अक्षरात असतो. परत मिळणारं क्रेडिट उरलं तर शेवटी कार्डवर किंवा रोख परत येतं. परत न मिळणारं क्रेडिट शेवटच्या रात्री हिशेब बंद झाला की संपतं. ते पुढच्या क्रूझवर नेता येत नाही, लागोपाठ दोन क्रूझ केल्या तरी पहिलीचं दुसरीत जात नाही, आणि कॅसिनोतही चालत नाही. कंपनीच्या जाहिरातीतलं क्रेडिट बहुधा या दुसऱ्या जातीचं असतं. एजंट स्वतःच्या कमिशनमधून देतो ते कधी परत मिळणारं असतं, कधी नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी त्याला ई-मेलवर एवढंच विचारा: क्रेडिट किती, कोणत्या चलनात, केबिनमागे की माणशी, आणि परत मिळणारं की न मिळणारं? "२०० डॉलरपर्यंत" असं लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुतेक वेळा लांबच्या क्रूझचा आणि महागड्या स्वीटचा (मोठ्या, आलिशान केबिनचा) असतो. तीन रात्रींच्या क्रूझवर खिडकी नसलेल्या आतल्या केबिनला त्यातले २५ किंवा ५० मिळतात.

आगाऊ टिप न भरण्यात एक बारीक धोका आहे. मधल्या काळात दर वाढला तर वाढीव दराने भरावं लागतं. ही वाढ रोज अर्ध्या ते दोन डॉलरची असते, त्यामुळे हातात परत न मिळणारं क्रेडिट असेल तर थांबणंच फायद्याचं. क्रेडिट अजिबात नसेल तर आगाऊ भरून मोकळं व्हावं.

दुसरी चूक पॅकेजच्या बाबतीत होते. ड्रिंक्सचं पॅकेज, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली या गोष्टी जहाज सुटण्याआधी कंपनीच्या साइटवर सवलतीत मिळतात आणि जहाजावर महाग होतात. पण बरंचसं क्रेडिट जहाजावर चढल्यावरच खात्यात दिसतं. क्रेडिट आहे म्हणून वाय-फाय आत जाऊन घेऊ, असं ठरवलं आणि तिथला दर तीस टक्के जास्त निघाला, तर क्रेडिटचा एक लचका तिथेच गेला. अशा गोष्टी आधी घ्याव्यात आणि क्रेडिट टिपसाठी ठेवावं.

"फुकट" या शब्दाची उत्तम तालीम नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या फ्री ॲट सी ऑफरमध्ये मिळते. ड्रिंक्सचं पॅकेज फुकट असतं, पण त्याच्या यादीतल्या किमतीवर २० टक्के सर्व्हिस चार्ज भरावा लागतो. यादीतली किंमत दिवसाला १०९ डॉलर धरली तर माणशी रोज २१.८० होतात. सात रात्रींचे दोघांचे ३०५.२० डॉलर. रोज दोन-तीन पेयं घेणाऱ्याला हा सौदा खरोखर चांगला आहे. ज्या घरात कुणी दारू घेत नाही त्यांनी ऑफर नको असं स्पष्ट सांगून भाडं पुन्हा विचारावं, कारण त्यांच्यासाठी हे तीनशे डॉलर सोड्याचे आणि संत्र्याच्या रसाचे आहेत. रॉयल कॅरिबियनमध्ये वेगळी अडचण येते. केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, आणि वर १८ टक्के टिप लागते. नवरा घेतो, बायको घेत नाही अशा जोडप्याने सुटे पेले विकत घेतलेले जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतात.

"दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट" याचा अर्थ दोघांना मिळून ३० टक्के, तीही अशा मूळ भाड्यावर जे कंपनी हवं तेव्हा वर-खाली करते. "मुलं फुकट" या ऑफरमध्ये केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचं भाडं माफ होतं, पण कर, बंदर शुल्क आणि टिप मुलांचीही पूर्ण लागते. चार जणांच्या कुटुंबात दोन मुलांची सात रात्रींची नुसती टिपच २५९ डॉलर. शिवाय सुट्टीच्या तारखा या ऑफरमधून वगळलेल्या असतात. आपल्याकडची कुटुंबं दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यातच निघतात, म्हणून वगळलेल्या तारखांची यादी आधी वाचावी, सूट नंतर. तुलना करताना टक्केवारी विसरा. सगळे प्रवासी, सगळे कर, टिप आणि तुम्हाला हवं असलेलं वाय-फाय यांची बेरीज करून माणशी दर रात्रीचा आकडा काढा. दोन ऑफर समोरासमोर ठेवायला दुसरी रीत नाही.

आता लॉयल्टी, म्हणजे एकाच कंपनीने पुन्हा पुन्हा प्रवास केल्याबद्दल मिळणारा दर्जा आणि सवलती. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत एका रात्रीला १ पॉइंट मिळतो, स्वीटमध्ये २. एकट्याने केबिन घेऊन दोघांचं भाडं भरलं तर दर रात्री आणखी एक. पायऱ्या अशा: ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस, ७०० ला पिनॅकल. खरा फरक डायमंडला पडतो. तिथून रोज चार पेयं मिळतात, प्रत्येकी साधारण १४ डॉलरपर्यंतची, आणि ती दारूच असावी असं नाही. कॉफी, सोडा, बाटलीबंद पाणीही चालतं. चारही वापरली तर सात रात्रींचे माणशी ३९२ डॉलर होतात, आणि हा फायदा तुमच्या भाड्यावर किंवा केबिनवर अवलंबून नसतो. डायमंडच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मिळतं ते किरकोळ आहे, त्यासाठी क्रूझ निवडू नये.

पण ८० पॉइंट गाठायचे कसे? पुण्या-मुंबईहून सिंगापूरला जाऊन तीन रात्रींची क्रूझ करणाऱ्याला त्या २७ वेळा कराव्या लागतील, चार रात्रींच्या केल्या तर २०. फ्लोरिडात किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या, मायामी किंवा गॅल्व्हस्टनला गाडी चालवत जाणाऱ्या मराठी कुटुंबाला सात रात्रींच्या बारा क्रूझमध्ये ते होतं. त्यांच्यासाठी एकाच कंपनीला धरून राहण्यात अर्थ आहे. भारतातून पाच-सहा वर्षांत एकदा निघणाऱ्याने लॉयल्टीचा विचार भाड्याच्या तुलनेत आणूच नये. सदस्य मात्र जरूर व्हावं, कारण ते फुकट आहे आणि रॉयल कॅरिबियनचे पॉइंट मुदत संपून जात नाहीत. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या जोडीदाराला आणि १८ वर्षांखालच्या मुलांना वरची पायरी लागू होते, तेवढी खाती जोडून घ्यावी लागतात.

प्रत्येक कंपनीत मात्र कमावलेलं असं कायम टिकत नाही. एमएससीमध्ये तीन वर्षं प्रवास केला नाही तर दर्जा जातो. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांची नवी योजना रात्रींऐवजी खर्चावर चालेल आणि दर्जा ठरावीक काळापुरताच राहील. स्वस्तातल्या आतल्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं फिरून दर्जा कमावणाऱ्यांना हा मोठा फटका आहे, आणि माझ्या मते यातून सगळ्यांनीच धडा घ्यावा: आज न वापरलेल्या सवलतीवर उद्याचा हिशेब बांधू नये. उलट बाजूने, एमएससी दुसऱ्या क्रूझ कंपन्यांचा किंवा हॉटेलांचा दर्जा बघून आपला दर्जा देतं, आणि रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी व सिल्व्हरसी यांच्यात २०२४ पासून दर्जा जुळवून मिळतो. अर्ज करायला पैसे लागत नाहीत, म्हणून एमएससीने निघण्याआधी तो नक्की करावा.

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच एम्प्रेस ऑफ द सीज होतं. जहाज तेच असलं तरी कंपनी वेगळी, त्यामुळे तिथल्या रात्रींचे क्राउन अँड अँकरमध्ये पॉइंट मिळत नाहीत.

पॉइंट बुडतात ते बहुतेक वेळा ग्रुप टूरमध्ये. एजंट पंचवीस केबिन एकदम घेतो आणि सदस्य क्रमांक कुणाचाच घालत नाही. बुकिंग झाल्यावर आपला क्रमांक पाठवून तो कन्फर्मेशनवर छापून आलाय का ते बघा. खात्यातलं नाव पासपोर्टसारखंच हवं. वडिलांचं नाव एकीकडे मधलं नाव म्हणून आणि दुसरीकडे पहिल्या नावाला जोडून लिहिलेलं असेल तर यंत्रणा ती दोन माणसं समजते आणि दोन खाती तयार होतात. ती एकत्र करून मिळतात, पण त्यासाठी जुन्या बुकिंगचे क्रमांक लागतात, म्हणून ते ई-मेल पुसू नका.

कॅसिनोच्या "फुकट क्रूझ"बद्दल थोडक्यात. रॉयल कॅरिबियनच्या क्लब रॉयल या कॅसिनो योजनेत स्लॉट मशीनमधून ५ डॉलर फिरवले की १ पॉइंट पडतो, आणि वर्षाचा हिशेब १ एप्रिलला पुन्हा शून्यावर येतो. अशी क्रूझ देणाऱ्या प्राइम दर्जाला २५०० पॉइंट, म्हणजे १२,५०० डॉलर फिरवावे लागतात. मशीन सरासरी ८ टक्के कापतं असं धरलं तर त्यात हजार डॉलर गेले. एवढ्या पैशात केबिन सरळ विकत मिळते.

जहाजावर असतानाच पुढची क्रूझ बुक करून मिळणारं क्रेडिट मला यापेक्षा बरं वाटतं, पण डिपॉझिट परत मिळणारं आहे का हे बघूनच. रॉयल कॅरिबियनमध्ये परत न मिळणारं डिपॉझिट देऊन नंतर जहाज किंवा तारीख बदलली की माणशी १०० डॉलर कापतात. चौघांचे ४०० डॉलर, समोर क्रेडिट ५०-१०० चं. शाळेचं वेळापत्रक आणि व्हिसा ठरलेला नसताना हे करू नये. भाडं नंतर उतरलं तर फायनल पेमेंटच्या आधी ते नव्या दराने करून मिळतं, मात्र नव्या दराबरोबर त्या दिवसाची ऑफर लागू होते आणि जुनं क्रेडिट निघून जातं. भाडं ६० ने उतरलं आणि १०० चं क्रेडिट गेलं, असंही होतं. बदल करण्याआधी नवं इन्व्हॉइस मागवून दोन्ही कागद शेजारी ठेवा.

कार्निव्हल कॉर्पोरेशनचे १०० शेअर असणाऱ्यांना सहा दिवसांपर्यंतच्या क्रूझवर ५०, सात ते तेरा दिवसांना १०० आणि चौदा किंवा जास्त दिवसांना २५० डॉलर क्रेडिट मिळत आलं आहे. शेअर आधीच असतील तर प्रवासाच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज करावा. क्रेडिटसाठी शेअर घेऊ नयेत. हाच शेअर जानेवारी २०२० मध्ये ५० डॉलरच्या आसपास होता आणि एप्रिलच्या सुरुवातीला १० च्या खाली गेला होता.

भारतीय कार्डवर जहाजाचं बिल भरताना बऱ्याच बँका परकीय चलनाबद्दल ३.५ टक्के मार्कअप (जादा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे ४.१३ टक्के. ३०० डॉलरच्या बिलाला साडेबारा डॉलरच्या आसपास. डेबिट कार्ड जहाजावरच्या खात्याला जोडू नका. जहाज रोजच्या खर्चाइतकी रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला घरी पोचल्यावरही काही दिवस जातात.

उतरण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, रात्री नव्हे, गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन खात्याची छापील प्रत घ्या. रात्री तिथे तासभर रांग असते. परत न मिळणारं क्रेडिट उरलं असेल तर शेवटच्या रात्रीची टिप अजून पडायची आहे का ते आधी विचारा, कारण बऱ्याचदा उरलेली रक्कम तिथेच जिरते. त्यानंतरही काही उरलं तर ज्याने आठवडाभर केबिन आवरली त्याच्या नावे जादा टिप लावून देता येते का ते काउंटरवरच विचारा.